बे एरियाजवळ कॅम्पिंगला जायचंय? फॅमिलीसाठी आणि आरव्हीसाठी (आत राहायची सोय असलेल्या गाडीसाठी) कॅम्पग्राउंड असं निवडा

मे-जून आला की इकडे बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, बऱ्याच मराठी घरांत पुण्या-नाशिकहून आईबाबा आलेले असतात, मुलांच्या शाळा सुटत आलेल्या असतात आणि मग कोणीतरी म्हणतंच की यंदा कॅम्पिंगला जाऊया. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा नुसते फोटो बघून साइट, म्हणजे तंबू किंवा गाडी लावायची जागा, घेतली, समोर समुद्र, मस्त व्ह्यू. रात्री दोन वाजता आईला बाथरूमला जायचं होतं, बाथरूम चढावर, धुकं एवढं की टॉर्चचा उजेड चार पावलांपुढे जाईना, त्यात तिचे गुडघे. रात्रीतून अशा दोन फेऱ्या झाल्या. सकाळी ती काही बोलली नाही, पण दिवसभर खुर्चीतून उठली नाही. तेव्हापासून मी साइट घेताना आधी बाथरूम कुठंय ते बघते आणि मग बाकीचं.

स्टेप १. घरातलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं माणूस डोळ्यासमोर ठेवा

बुकिंगच्या वेबसाइटवर कॅम्पग्राउंडचा नकाशा असतो, तो उघडा आणि बाथरूमपासून दोन-तीन साइट सोडून पुढची निवडा. अगदी चिकटून नको, रात्रभर दिवा आणि दाराचा आवाज येतो. फ्लशचा संडास आहे का नुसता खड्ड्याचा तेही वाचा, लहान मुलं खड्ड्याच्या संडासात जायलाच तयार होत नाहीत आणि मग दोन दिवस पोट धरून बसतात. शॉवर आहे का बघा, काही ठिकाणी त्याला क्वार्टर (२५ सेंटची नाणी) लागतात म्हणून चिल्लर जवळ ठेवा. स्टेट पार्कात एका साइटवर ८ माणसंच चालतात, दोन फॅमिली मिळून जाणार असाल तर शेजारशेजारच्या दोन साइट घ्या.

स्टेप २. तारीख बघून हवेचा अंदाज घ्या

इथे तासाभराच्या ड्राइव्हमध्ये हवा पूर्ण बदलते हे नवीन माणसाला खरंच वाटत नाही. जुलैत आतल्या भागातल्या लिव्हरमोरला ३८ डिग्री असताना समुद्रकाठच्या हाफ मून बेला धुक्यात स्वेटर घालून बसावं लागतं. त्यामुळे भर उन्हाळ्यात समुद्राकडे गेलात तर आजी-आजोबांना कानटोपी आणि जाड रजई पाहिजेच, आणि आत डोंगराकडे गेलात तर सावलीची साइट पाहिजे. माझं विचाराल तर आईबाबांना घेऊन जायला सप्टेंबर सगळ्यात चांगला, किनाऱ्यावर धुकं कमी असतं आणि शाळा सुरू झाल्यामुळे गर्दी पण कमी.

स्टेप ३. टेंट, आरव्ही का यर्ट ते ठरवा, मग जागा शोधा

जमिनीवर झोपणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी यर्ट, म्हणजे आत पलंग असलेला गोल पक्का तंबू. गिलरॉय आणि वॉटसनव्हिलच्या मधल्या माउंट मॅडोना काउंटी पार्कात यर्टही आहेत आणि आरव्हीसाठी हूकअपच्या (पाणी-विजेची जोडणी असलेल्या) साइटही आहेत, फक्त वरचा रस्ता वळणावळणाचा आहे, गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवा.

आरव्ही घेणार असाल तर हूकअप हा शब्द नीट समजून घ्या, कारण सगळा खेळ त्यावर आहे. फुल हूकअप म्हणजे साइटवरच पाणी, वीज आणि सांडपाण्याची लाइन तिन्ही. बऱ्याच ठिकाणी यातलं एखादंच असतं. लिव्हरमोरच्या डेल व्हॅले पार्कात हूकअपच्या साइटना पाणी आणि सांडपाण्याची लाइन आहे पण वीज नाही, आणि तिथला उन्हाळा बघता एसीशिवाय आरव्हीची भट्टी होते, त्यामुळे तलाव कितीही छान असला तरी ऑगस्टमध्ये म्हाताऱ्या माणसांना घेऊन मी तिथे जाणार नाही. (पोहायचा बेत असेल तर निघायच्या आधी शेवाळामुळे तलाव पोहायला बंद नाही ना तेवढं तपासा, उन्हाळ्यात तसं होतं.) ओकलंडच्या मागच्या डोंगरातलं अँथनी शॅबो पार्क शहराला जवळ, निलगिरीची झाडं, खाली तलाव, आणि थोड्या साइटना फुल हूकअप. पहिल्यांदा आरव्ही चालवणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी, काही बिघडलं तर अर्ध्या-पाऊण तासात घरी. हाफ मून बे स्टेट बीचवर काही साइटना वीज मिळते आणि समुद्र दोन मिनिटांवर, पण वीकेंडला ९२ नंबरच्या रस्त्यावर तुफान ट्रॅफिक असतो, शुक्रवारी दुपारीच निघा.

जिथे हूकअप नाही तिथे जनरेटरवर भिस्त ठेवू नका, स्टेट पार्कात तो सकाळी १० ते रात्री ८ एवढाच चालवता येतो. कुणी रात्री श्वासाचं मशीन लावून झोपत असेल तर विजेचीच साइट घ्या, यात तडजोड नको.

आरव्हीची लांबी फुटात मोजून साइटच्या मर्यादेशी जुळवा, गाडीला मागे सायकलचा रॅक लावला असेल तर तोही मोजा. ४० फुटांपर्यंतची मोटरहोम कॅलिफोर्नियात साध्या लायसन्सवर चालते, पण मागे घेणं सोपं नाही, म्हणून आरपार जाणारी साइट मिळाली तर सोडू नका. ३० अँपियरच्या लाइनवर एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावलात तर ब्रेकर पडून वीज जाऊ शकते.

रेडवूडची झाडं दाखवायची असतील तर फेल्टनचं हेन्री कॉवेल स्टेट पार्क, तिथे हूकअप नाहीत पण टेंटसाठी छान. एक लक्षात ठेवा, कॅम्पग्राउंड आणि मोठ्या झाडांची राई एका जागी नाहीत, मधे गाडीने जावं लागतं. राईतली वाट सपाट आहे, आजींना आरामात जमते.

जुन्या याद्यांवर विसंबून राहू नका. बिग बेसिन हे रेडवूडचं स्टेट पार्क २०२० च्या ऑगस्टमधल्या वणव्यात जळलं, सीक्लिफ बीचवरचं आरव्हीचं कॅम्पग्राउंड जानेवारी २०२३ च्या वादळात उद्ध्वस्त झालं, आणि ही नावं लोक अजून एकमेकांना पाठवत असतात. पार्कची स्वतःची माहिती वाचूनच ठरवा.

स्टेप ४. बुकिंग

स्टेट पार्कांची बुकिंग ‘रिझर्व्ह कॅलिफोर्निया’ या वेबसाइटवर ६ महिने आधी सकाळी ८ ला उघडतात, चांगल्या जागांचे शनिवार बघता बघता संपतात. काउंटीचे पार्क आणि ईस्ट बेचे रीजनल पार्क यांचं बुकिंग वेगळं असतं, लोक तिकडे बघतच नाहीत म्हणून तिथे जागा मिळायची शक्यता जास्त. रविवार ते गुरुवार जमत असेल तर उत्तमच, आईबाबांना कुठे ऑफिस आहे. रद्द झालेल्या साइट रोज रात्री एकदा तपासत जा, आम्हाला दोनदा अशाच मिळाल्या.

स्टेप ५. पोचल्यावर

अंधाराच्या आधी पोचा. साइटच्या कडेला तीन-तीन पानांचं झुडूप आहे का बघा आणि मुलांना दाखवून ठेवा, ते पॉयझन ओक, लागलं तर आठवडाभर खाज. खाण्याचं सगळं सामान गाडीत नाहीतर लोखंडी पेटीत, रकून (रात्री खाणं चोरायला येणारा प्राणी) चिवड्याची पिशवी सुद्धा सोडत नाहीत. जळाऊ लाकूड घरून नेऊ नका, झाडांची कीड पसरते, तिथेच विकत घ्या, आणि शेकोटीवर बंदी आहे का ते आदल्या दिवशी बघा. फोडणी आरव्हीच्या आत देऊ नका, स्मोक अलार्म वाजतो आणि मसाल्याचा वास गादीत बसतो, बाहेरच्या टेबलावर गॅसची शेगडी मांडून पिठलं-भात करा.

निघायच्या दिवशी चेकआउट बहुतेक ठिकाणी दुपारी १२ च्या सुमारास असतं, त्यामुळे रविवारी ११ नंतर डम्प स्टेशनवर (आरव्हीचं सांडपाणी सोडायच्या जागी) मोठी लाइन लागते. दहाच्या आत जा. हातमोजे घाला, आधी संडासाची टाकी सोडा, मग सिंक-शॉवरच्या पाण्याची, म्हणजे त्या पाण्याने पाइप आतून धुतला जातो.