होमस्कूलिंग: आधी खरेदी, मग मूल? या चुका टाळा

होमस्कूलिंग, म्हणजे मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवणं, करायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिलं काम निघतं ते खरेदीचं. मे महिन्यात यादी होते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात खोकी येऊन पडतात: फ्लॅशकार्डं, लाकडी मनोरे, सवलतीतला पन्नास गोष्टींचा सेट, विज्ञानाचं किट, परदेशी अभ्यासक्रमाच्या प्रिंटआउटचा गठ्ठा. गणपती येईपर्यंत त्यातलं निम्मं माळ्यावर गेलेलं असतं. मग फोन सुरू होतात. “ताई, ती बसतच नाही हो.” “याला सगळ्याचाच कंटाळा.” मी विचारते, ती कुठे अडते? उत्तर येतं, “तसं काही नाही, पण सगळं साहित्य आणलंय.”

माझ्या मते क्रम इथेच उलटा झालेला असतो. मूल कशात अडतंय ते दिसावं, मग त्या अडचणीपुरती वस्तू घरात यावी. आधी वस्तू आणली की तिचा उपयोग शोधत बसावं लागतं, आणि तो भार मुलावर पडतो.

रंगीबेरंगी माँटेसरी

माँटेसरी शिक्षणपद्धतीत मुलं एकावर एक रचतात त्या गुलाबी मनोऱ्यात १० ठोकळे असतात. सर्वांत लहान १ सेंमीचा, सर्वांत मोठा १० सेंमीचा, आणि सगळ्यांचा रंग एकच. रंग एक ठेवण्यामागे हेतू आहे: मुलाच्या नजरेला आणि हाताला फरक जाणवावा तो फक्त लहान-मोठ्याचा. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या मनोऱ्यांत मात्र प्रत्येक ठोकळा वेगळ्या रंगाचा, वर आकडा, बाजूला हत्ती नाहीतर ससा. मग मूल ‘हिरव्यावर पिवळा’ हे लक्षात ठेवतं आणि आकारमानाकडे बघतच नाही. आईला वाटतं, जमलं.

असा मनोरा घेऊन झाला असेल तर तो एका रंगात रंगवून टाका. घेतला नसेल तर घेऊ नका. स्वयंपाकघरात एकात एक बसणारे स्टीलचे डबे असतातच. धातू एक, आकार एक, फरक फक्त मापाचा. शिवाय चुकीचं झाकण बसत नाही, म्हणजे “चुकलं” असं कुणी म्हणायची गरज उरत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या बालवाड्यांत बिया, शिंपले, खडे, पानं अशा आसपासच्या वस्तूंवरच काम केलं. ते काम वाचल्यावर हजारोंच्या लाकडी संचाकडे बघायची नजर बदलते.

दुसऱ्याचे ऋतू

परदेशी लेसन प्लॅन नेटके असतात, म्हणून मोह होतो. पण त्यांचं वर्ष सप्टेंबरच्या आसपास सुरू होतं. पहिला पाठ लालपिवळ्या पानगळीचा, जानेवारीत बर्फाचा माणूस, मोजमाप इंचात, नाणी सेंटची. सहा वर्षांच्या मुलाला मेपलचं पान ओळखता येतं आणि ज्वारीचं कणीस कोणतं ते सांगता येत नाही, असं सर्रास दिसतं. न्यू जर्सीतल्या मराठी घरात ते मेपलचं पान अगदी योग्य आहे. तिथे मुलाला बहावा काढायला लावणं तितकंच चूक.

निसर्गवही, म्हणजे आसपास दिसलेली झाडं-प्राणी चित्रांसह नोंदवायची वही, ही कल्पना शार्लट मेसन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंमुळे प्रसिद्ध झाली आणि ती जरूर घ्यावी. वही त्यांची, पंचांग आपलं. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर मखमली लाल मृगाचा किडा जमिनीवर दिसतो, पण थोडेच दिवस. तेव्हा त्या आठवड्यातला ‘शेतातले प्राणी’ हा पाठ खुशाल पुढे ढकला. श्रावणात आघाडा आणि दूर्वा, भाद्रपदात तेरडा. घाटमाथ्याजवळ राहत असाल तर सोनकी. गणपतीची एकवीस पत्री म्हणजे पानं ओळखायचा तयार अभ्यासक्रमच आहे: कडा कशी, शिरा कशा, वास कसा. प्रत्येकाचं एकच पान आणायचं, ओरबाडायचं नाही, एवढं मात्र आधी सांगावं लागतं. माघ-फाल्गुनात काटेसावर, पळस, पांगारा. उन्हं तापली की बहावा. विदर्भातल्या घरांनी यातला पाऊस जरा उशिराच धरावा, तिकडे जूनच्या सुरुवातीला उन्हाळा संपलेला नसतो. म्हणून माझ्या निसर्गवहीतलं पान पुण्याचं असलं तर ते नागपुरात तसंच्या तसं उतरवू नका.

मूल वहीत चित्र काढत नाही, अशी तक्रार हमखास येते. बहुतेकदा आईने पूर्ण झाड काढायला सांगितलेलं असतं. एक शेंग द्या. ती टरफलासकट, मग उघडून, मग आतल्या बिया मोजून. तेवढ्याने पान भरतं.

पंचवीस ऐकलं, बावन्न लिहिलं

गणिताबाबत सर्वांत जास्त फोन याच कारणासाठी येतात, आणि इथे वर्कशीटचा ढीग ओतणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. लिहिताना दोन आधी येतो. कानाने ऐकलेल्या क्रमाने मूल लिहितं आणि ५२ होतात. यात त्याचं लक्ष नाही असं काही नसतं. २०१९ साली दुसरीच्या बालभारतीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली ती याच अडचणीसाठी. त्यावर केवढा गदारोळ झाला ते अनेकांना आठवत असेल; गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना जाहीरपणे बाजू मांडावी लागली. भाषा बिघडेल हा आक्षेप मला पटला नाही. मूल ‘वीस पाच’वर कायमचं थांबत नाही, तिथून पंचवीसवर येतं.

घरी करायचं ते असं. शंभर मणी घ्या, दहा लाल, दहा पांढरे असे आलटून पालटून दोऱ्यात ओवा. ही माळ खिडकीला आडवी बांधून ठेवा. “पंचवीस दाखव” म्हटलं की मुलाने दोन गट ओलांडून पाच मणी पुढे जायचं आणि तिथे कपड्याचा चिमटा लावायचा. मग म्हणायचं, “वीस आणि पाच, पंचवीस.” लिहिणं त्यानंतर. रोज सात-आठ आकडे पुरतात. वर्कशीटवर उलटे आकडे आले तर रेघ मारून दुरुस्त करू नका, माळेकडे पाठवा.

‘एकोण’चा घोळ वेगळा आहे. एकोणतीस ऐकून मूल ३१ किंवा ३९ लिहितं, कारण ऐकू येतात एक आणि तीस. माळेवर तिसाला चिमटा लावा आणि एक मणी मागे या. एकोणचाळीस, एकोणपन्नास, सगळ्यांना हीच रीत. एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्याण्णवला मोडते. ते मुलांना फार आवडतं.

एवढं करूनही आकडे चुकत असतील तर मोबाइल तपासा. ॲपमध्ये इंग्रजी आकडे आणि वहीत मराठी आकडे एकाच वेळी चालू असतात. मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी चार इंग्रजी आठसारखा. सहा वर्षांच्या मुलाकडून दोन्ही एकदम मागणं अन्याय आहे. काही महिने एकाच प्रकारचे आकडे लिहू द्या, दुसरे नुसते ओळखीपुरते.

पाढ्यांसाठी चार्ट, गाण्यांचे ॲप, खेळण्यातलं यंत्र यांपैकी काही घेऊ नका. घरात आजी असेल तर दिवेलागणीची परवचा तिच्याकडे सोपवा. “तिसरीच्या वयाची झाली आणि बारा सत्ते येत नाही?” हा प्रश्न तीच विचारत असते, तेव्हा काम तिच्याच हातात गेलेलं बरं. पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि निम्म्याचे पाढे, तिला येत असतील तर अपूर्णांकांच्या वेळी ते सोनं आहे. फक्त पाव म्हणजे चाराचा एक भाग हे भाकरी मोडून आधी दाखवून ठेवा, नाहीतर ‘पाच निम्मे अडीच’ हे नुसतं गाणं होऊन राहतं.

पुस्तकांच्या बाबतीत

पन्नास पातळ गोष्टींचा सेट घेऊ नये. कारण आत शिरल्यावर कळतं: चित्रं एकाच छापाची, वाक्यं बोलल्यासारखी नाहीत आणि शेवटी तात्पर्य. त्या पैशात माधुरी पुरंदरे यांची, ज्योत्स्ना प्रकाशनाची चार-पाच पुस्तकं येतात, आणि ती वर्षानुवर्षं हातात राहतात. ‘राधाचं घर’मधली माणसं मुलाला आपल्या घरातली वाटतात. ‘वाचू आनंदे’ बाल आणि कुमार अशा दोन गटांसाठी आहे, त्यात साहित्याचे उतारे आणि नामवंत चित्रकारांची चित्रं शेजारी शेजारी येतात. पण पहिल्या पानापासून क्रमाने, खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहून घेत ते ‘पूर्ण’ केलं की त्याचं क्रमिक पुस्तक होतं. मधलंच पान उघडू द्या.

पैसे न घालताही बरंच मिळतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत, १९७१पासून निघणाऱ्या ‘किशोर’चे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीवर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत. काही घरांत बालभारतीचं पुस्तक न उघडणं हा होमस्कूलिंगचा बाणा समजला जातो. मला ते कळत नाही. अभ्यासक्रम म्हणून वापरू नका हवं तर. पण आपलं मूल साधारण कुठे आहे हे बघायला याहून स्वस्त पट्टी नाही.

वाचायला शिकवताना अ ते ज्ञ अशी रांग धरली की ढ, ण, ष यांच्यात महिने जातात आणि एकही शब्द वाचून होत नाही. न, म, क, र, ल, ब अशा अक्षरांनी आणि एका कान्याने सुरुवात करा. ‘मका’, ‘नाक’, ‘काका’ पहिल्याच आठवड्यात वाचता येतात. घ आणि ध, भ आणि म एका दिवशी शिकवू नका. एक पक्कं झाल्यावर दुसरं. चहातला च आणि चमच्यातला च वेगळा का, याला नियम सांगत बसू नका. मुलाने शब्द ऐकलेला असेल तर ते आपोआप बरोबर वाचतं, ऐकलेला नसेल तर तुम्ही एकदा वाचून दाखवा. जोडाक्षरांत र सर्वांत शेवटी. सूर्य, चक्र, राष्ट्र यांत तो तीन ठिकाणी तीन वेशांत बसतो.

“वाचतो पण कळत नाही” असं असेल तर पुस्तक कठीण आहे. दोन पातळ्या खाली उतरा आणि तेच पुस्तक तीन-चारदा वाचू द्या. आणि मूल स्वतः वाचायला लागलं म्हणून रात्री वाचून दाखवणं थांबवू नका. कानाला जे कळतं ते डोळ्यांना कळायला बराच अवधी लागतो, तोवर मोठ्या गोष्टी तुमच्याच तोंडून जायच्या असतात.

वेळापत्रक आणि किट

भिंतीवर आठ तासिकांचं वेळापत्रक लावू नका. शाळेतल्या तासात हजेरी, फळा, चाळीस मुलं असतात. घरी एका मुलाचं तेवढंच काम वीस-पंचवीस मिनिटांत उरकतं. उरलेल्या वेळात आणखी वर्कशीट देणं म्हणजे लवकर काम संपवल्याची शिक्षा. योजना आठवड्याची करा, तीही तीन-चार ओळींची, आणि प्रत्यक्षात काय झालं ते तारखेसह लिहीत जा. पुढच्या आठवड्याची योजना त्या नोंदीतून निघते.

विज्ञानाचं किट एकदाच वापरलं जातं, कारण प्रयोग ‘यशस्वी’ झाला की संपला. त्याऐवजी अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरची टाकाऊतून खेळणी करून बघा, सगळं मोफत आहे. स्ट्रॉची पिपाणी वाजत नसेल तर तोंडाकडचं टोक चपटं करून दोन्ही बाजूंनी तिरकं कापा. नंतर वाजवता वाजवता दुसऱ्या टोकाने थोडी थोडी कापत जा, आवाज चढत जातो. कागदी स्ट्रॉ ओलसर होऊन लगेच बसते आणि प्लास्टिकच्या स्ट्रॉवर २०२२च्या जुलैपासून बंदी आहे. कोकणातल्यांना ही अडचण नाही, नारळाच्या पातीची पिपाणी तिकडे कुणीही वळून देतं. “का वाजलं?” हे मात्र लगेच विचारू नका. मूल स्वतः लांबी बदलून बघायला लागलं की मग विचारा.

दहावीचा विचार पंधराव्या वर्षी

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. त्यात होमस्कूलिंगला बंदी लिहिलेली नाही आणि मान्यता द्यायची रीतही दिलेली नाही. त्यामुळे पुढे जे प्रमाणपत्र लागेल त्याची तजवीज घरानेच करायची. घरीच शिकलेल्या आणि आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमध्ये पदकं मिळवलेल्या मुंबईच्या मालविका जोशीला बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीचा रस्ता बंद होता. ती २०१६मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. तिची गोष्ट फार सांगितली जाते, पण तिच्यातला प्रमाणपत्राचा भाग वगळून.

बहुतेक घरं एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेतून दहावी करतात. वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत, पाच विषय लागतात, त्यात किमान एक भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, म्हणून सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. स्वाध्यायांना २० टक्के गुण असतात. ते शेवटच्या आठवड्यात आईने लिहून देऊ नयेत, हेही सांगावं लागतं. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसणं हा दुसरा मार्ग, पण तिथे शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो, त्यामुळे कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला एनआयओएस सोपं पडतं. अकरावीला विज्ञान शाखेत जायची शक्यता असेल तर गणित आणि विज्ञान हे विषय घेतलेले बरे. आणि जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव, आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगसकट, तेराव्या वर्षीच जुळवून घ्या. ते दुरुस्त करायला लागणारा वेळ अर्जाच्या मुदतीत मावत नाही.