जर्सीतल्या मार्चच्या मुंग्या: नवीन आलेल्यांसाठी

पाडव्याला अपार्टमेंटच्या बाल्कनीत गुढी उभारली, संध्याकाळी उतरवली आणि साखरेची गाठी ताटलीत घालून ओट्यावर ठेवली. सकाळी बघते तर पांढरी गाठी काळी झालेली. न्यू जर्सीतल्या एडिसनमधला तो आमचा पहिला वसंत. सबंध हिवाळ्यात एक मुंगी दिसली नव्हती, त्यामुळे थंड देशात मुंग्या नसतातच अशी माझी समजूत झाली होती.

आपल्याकडे मुंग्या पावसाच्या तोंडावर अंडी तोंडात धरून भिंत चढतात. इथे बर्फ वितळून घराच्या पायाशी माती ऊबदार झाली की, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, त्या बाहेर पडतात. बाहेर तेव्हा खायला फारसं काही नसतं, म्हणून घरात शिरतात. तुमचं स्वयंपाकघर घाण आहे असा त्याचा अर्थ अजिबात नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण नवीन आलेल्या कितीतरी मुली लाजेपोटी लीझिंग ऑफिसला (अपार्टमेंट भाड्याने देणाऱ्यांच्या कचेरीला) सांगतच नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रांग दिसली की स्प्रे मारू नका. आम्ही तेच केलं. ओटा दहा मिनिटांत साफ झाला, पण चौथ्या दिवशी सिंकमागून एक आणि बाथरूममधून एक अशा दोन रांगा सुरू झाल्या. इथे घरात येणाऱ्या बारीक, काळपट तपकिरी मुंग्यांच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. धोका जाणवला की वसाहत फुटते आणि एकाच्या दोन-तीन होतात. ही मुंगी ओळखायची असेल तर एक बोटांत चिरडून हुंगा. पावसाळ्यात डब्यात राहून गेलेल्या खवट खोबऱ्याचा वास येतो. इथले लोकही सडक्या नारळाचीच उपमा देतात, पण तो वास आपल्याइतका नेमका कुणाला कळणार!

रांगेत दिसतात त्या फक्त कामकरी मुंग्या. त्यांना मारून उपयोग नाही, विष त्यांच्याच पोटातून राणीपर्यंत गेलं पाहिजे. त्यासाठी गोड पाण्यात बोरॅक्स मिसळलेलं आमिष मिळतं. 'टेरो'च्या छोट्या प्लास्टिकच्या डब्या हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात, त्यात ५.४ टक्के बोरॅक्स असतं. ते सावकाश काम करतं आणि तेच हवं असतं, कारण मुंगी वाटेतच मेली तर घरी काहीच पोचत नाही. मुंग्या ते पितात, पोटात साठवून नेतात आणि तोंडाला तोंड लावून इतरांना भरवतात.

डबी रांगेच्या अगदी कडेला ठेवा. तासाभरात गर्दी इतकी वाढेल की तुम्ही घाबराल. थेंबाभोवती त्या गोल करून बसतात, डोकी आत आणि पोटं बाहेर, आणि ती पोटं टम्म फुगलेली साध्या डोळ्यांनी दिसतात. हात शिवशिवतील, पण पुसू नका. व्हिनेगर, दालचिनी, हळद यांतलं काहीही त्या वाटेवर टाकू नका, त्याने रांग फक्त दुसरीकडे वळते. दोन-तीन दिवसांत वर्दळ कमी होते, पूर्ण थांबायला कधी दोन आठवडे लागतात. मग साबणाच्या पाण्याने वाट पुसून काढा आणि फट सीलंटने बुजवा. गोडाकडे त्या ढुंकून बघत नसतील तर कागदावर थोडं पीनट बटर लावून ठेवा. वसंतात पिल्लांना भरवायला त्यांना प्रथिनं लागतात. त्यावर आल्या तर प्रथिनांचं आमिष आणा.

घरात रांगतं मूल असेल तर बंद डबीच वापरा आणि तीही त्याच्या हाताला लागणार नाही अशी. घरी मिश्रण करण्याच्या फंदात पडू नका, बोरॅक्स हुबेहूब पिठीसाखरेसारखं दिसतं. चुकून तोंडात गेलंच तर १-८००-२२२-१२२२ हा विषबाधा मदतीचा नंबर चोवीस तास चालू असतो. फ्रिजवर लिहून ठेवा.

आणि कृपा करून भारतातून मुंग्यांचा खडू आणू नका. आई प्रेमाने बॅगेत घालते, मला माहीत आहे. पण कीटकनाशक खडू इथे बेकायदेशीर आहे, आणि पोरांना तो फळ्यावरचा खडूच वाटतो. इथे कुठलंही औषध घेताना वेष्टनावर ईपीएचा, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याचा, नोंदणी क्रमांक आहे का ते बघा.

बाकी आपल्या आज्ज्यांच्या युक्त्या इथेही चालतात. तूपसाखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवा, गूळ आणि काकवी फ्रिजमध्ये. हापूसची पेटी आणलीत तर साली-कोयी त्याच रात्री बाहेर टाका. देवापुढचा नैवेद्यही झाकून ठेवा.

मोठ्या काळ्या मुंगळ्यांचं प्रकरण मात्र वेगळं आहे. अर्ध्या इंचापर्यंत लांब, बहुतेक रात्री फिरणारे. इथली घरं लाकडाची, आणि हे मुंगळे लाकूड खात नसले तरी ते पोखरून त्यात घर करतात, आणि त्यातही ओलं लाकूड त्यांना विशेष आवडतं. एखाददुसरा मे महिन्यात बाहेरून आला तर काळजी नको. पण बाहेर बर्फ असताना घरात मुंगळे दिसले तर वारूळ घरातच आहे असं समजा. आमच्या स्वतःच्या घरात बाथरूमच्या खिडकीखाली भुश्शाची चिमूटभर रास दिसायची. मी ती रोज पुसायची आणि रोज नवी पडायची. शेवटी चौकट उघडली, तेव्हा आतलं लाकूड बोटाने दाबलं की स्पंजासारखं दबत होतं. खिडकीतून वर्षानुवर्षं पाणी झिरपत होतं, आणि घर घेताना तपासणीला आलेल्या माणसाने ते टिपलंच नव्हतं. मुंगळे नसते तर आम्हाला भिंत पडेपर्यंत कळलं नसतं. तेव्हा आधी गळती शोधा, औषध मागाहून. घराला टेकलेल्या फांद्या छाटा, आणि वसंतात सगळे झाडांच्या बुंध्याशी टाकतात तो मल्च (लाकडाच्या ढलप्यांचा थर) भिंतीपासून थोडा दूर राहील असं बघा.

खिडकीत अचानक पंखवाले किडे गोळा झाले तर ती वाळवी असू शकते. एक सेलोटेपने पांढऱ्या कागदावर चिकटवा. कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतील तर मुंगी. कंबर सरळ जाड, मिशा मण्यांच्या माळेसारख्या आणि चारही पंख सारखे असतील तर वाळवी. मग त्याच दिवशी व्यावसायिकाला बोलवा, कारण वाळवीचं नुकसान घराच्या विम्यात सहसा भरून मिळत नाही. ओळख पटली नाही तर तो कागद घेऊन तुमच्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) रटगर्स एक्स्टेन्शन ऑफिसात, म्हणजे रटगर्स विद्यापीठाच्या शेती-बागकाम सल्ला केंद्रात, जा. तिथले मास्टर गार्डनर, म्हणजे बागकामाचं प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक, मदत करतात.

भाड्याने राहत असाल तर लीझमधलं कीडनियंत्रणाचं कलम वाचा. मोठ्या अपार्टमेंटमध्ये हे काम सहसा मालकाचं असतं. फोनवर सांगून सोडू नका. फोटो जोडून ईमेल करा, म्हणजे तारीख राहते. फवारायला माणूस येणार असेल तर आधी विचारा की काय फवारणार, आणि तुमची आमिषाची डबी जिथे आहे तिथे फवारू नका म्हणून सांगा. फवारलेल्या जागी मुंग्या आमिषाला फिरकत नाहीत.

रांग थांबल्यावरही डबी आठवडाभर तिथेच राहू द्या. आणि फट नेमकी कुठे होती ते कॅलेंडरमध्ये पुढच्या मार्चच्या पहिल्या तारखेला लिहून ठेवा. आमच्याकडे त्या तीन वर्षं डिशवॉशरच्या डाव्या कोपऱ्यातूनच आल्या.