ट्रॅक्टरचा परवाना काढताय? मग ट्रॉली जोडूनच शिका

ट्रॅक्टरचा परवाना असला की मागे ट्रॉली जोडायला वेगळा परवाना लागत नाही. ट्रॉली जोडली म्हणून चालकाचा परवाना बाद ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ सालीच स्पष्ट केलं आहे. ही सोय मोठी आहे, पण तिची दुसरी बाजूही आहे. ट्रॉलीसाठी स्वतंत्र परीक्षा नसल्यामुळे ती मागे घेता येते का, उतारावर धरता येते का, हे कुणी वेगळं विचारत नाही. परवाना हातात पडतो आणि पुढच्या हंगामात तोच मुलगा भरलेली ट्रॉली घेऊन कारखान्याच्या रस्त्याला लागतो. म्हणून चाचणीची तयारी नुसत्या ट्रॅक्टरवर करून थांबू नका.

आधी कागदाचं उरकून घेऊ. वय १८ पूर्ण हवं. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून किमान ३० दिवसांनीच पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. हे ३० दिवस सरावासाठीच आहेत. नापास झालात तर पुन्हा चाचणीला सात दिवस थांबावं लागतं. चाचणीच्या दिवशी मूळ शिकाऊ परवाना, ओळखपत्र, ट्रॅक्टरचं आरसी, चालू विमा आणि पीयूसी सोबत ठेवा. ट्रॉली नेणार असाल तर तिचेही कागद लागतील. कायद्याच्या नजरेत ट्रॉली हेसुद्धा वाहनच आहे, त्यामुळे तिला स्वतःची नोंदणी, स्वतःचा नंबर आणि विमा हवा. ट्रॅक्टरच्या पॉलिसीवर ट्रॉलीचा उल्लेख आहे का, हे आजच उघडून बघा. अपघातानंतर बघून उपयोग नसतो.

शिकाऊ चालकाच्या वाहनाला पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लागतो. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. ट्रॉली जोडलेली असेल तर मागचा 'एल' ट्रॉलीच्या फाळक्यावर, म्हणजे मागच्या झडपेवर लावा, ट्रॅक्टरवरचा मागून दिसतच नाही. शिवाय शिकवणारा परवानाधारक वाहनात अशा जागी बसलेला हवा की त्याला वाहन थांबवता येईल. ट्रॅक्टरला तशी दुसरी सीट नसते, आणि मडगार्डवर बसणं हा त्यावर उपाय नाही. खड्ड्यात चाक गेलं की मडगार्डवरचा माणूस थेट मोठ्या चाकाखाली जातो. त्यामुळे शिकायचं ते पडीक रानात, रस्त्यावर नाही. शिकवणाऱ्याने खाली, बाजूला, चालकाला दिसेल अशा जागी उभं राहावं.

जोडणीपासून सुरुवात करा. सपाट जागी ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. ट्रॅक्टर सर्वात हळू रिव्हर्स गिअरमध्ये, हाताचा थ्रॉटल (इंजिनची गती ठरवणारा लिव्हर) सर्वात कमी ठेवून मागे आणा. ट्रॅक्टर हलत असताना ट्रॅक्टरचा हूक आणि ट्रॉलीची पुढची दांडी यांच्या मध्ये कुणीही उभं राहायचं नाही. 'थोडं मागे, अजून थोडं' म्हणत दांडी हाताने धरून उभा राहिलेला माणूसच चिरडतो, कारण क्लच सुटायला पाय जरासा घसरला तरी पुरे होतं. ट्रॅक्टर थांबवा, न्यूट्रल करा, ब्रेक लॉक करा, मगच माणसाने मध्ये जाऊन पिन घालावी. पिन वरून खाली घाला आणि तिला खालून क्लिप लावा. क्लिपच्या जागी वाकवलेला खिळा किंवा तार चालत नाही. पिन उडत उडत वर येते आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर निघूनही जाते. म्हणूनच दांडीखालून ट्रॅक्टरला सुरक्षा साखळी हवी. ती वळणात ताणली जाणार नाही इतकी सैल, पण जमिनीला घासणार नाही इतकी आखूड ठेवा.

ओढ नेहमी खालच्या हुकाला. वरच्या टॉप लिंकच्या (अवजार वरून धरणाऱ्या दांड्याच्या) जागी साखळी बांधून काही ओढू नका. ओढ मागच्या एक्सलच्या वर गेली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर पाठीवर उलटतो. चिखलात चाकं अडकली असताना क्लच झटक्यात सोडला तरी हेच होतं. मागची चाकं जागची हलत नाहीत, मग सगळा जोर ट्रॅक्टरचं नाक वर उचलण्यात जातो. सुमारे दीड सेकंदात सगळं संपतं, क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. रुतलेल्या चाकाखाली लाकूड अडकवून पुढे काढायचा प्रयत्न याच कारणासाठी करू नये. मागे घेऊन बाहेर पडा, नाहीतर ट्रॉली सोडवा.

आता ब्रेक. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे वेगळे पेडल असतात, नांगरताना कडेला झटकन वळता यावं म्हणून. रस्त्यावर निघण्यापूर्वी ते दोन्ही पेडल पट्टीने जोडलेच पाहिजेत. पट्टी मोकळी राहिली आणि वेगात एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर त्या बाजूला गरकन फिरतो आणि मागची ट्रॉली त्याला ढकलत नेते. पट्टी जोडल्यावर मोकळ्या जागी हळू चालवून ब्रेक दाबा. चाकांच्या खुणा सरळ उमटल्या पाहिजेत. एका बाजूला ओढत असेल तर दोन्ही ब्रेक समान करून घ्या, आणि तोपर्यंत ट्रॉली जोडू नका. चाचणीतही निरीक्षकाची नजर आधी या पट्टीवर जाईल असं धरूनच चला.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. दोन टनांचा ट्रॅक्टर मागच्या पाच-सहा टनांना थोपवणार, हे डोक्यात ठेवूनच उतार उतरायचा. जो चढ ज्या गिअरने चढाल, त्याच गिअरने तो उतरा, आणि गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. मध्येच क्लच दाबून गिअर बदलायला गेलात की इंजिनचा धर सुटतो, वेग वाढतो आणि मग गिअर पडतच नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणं ही सवय तर पहिल्या दिवसापासूनच लागू देऊ नका.

रिव्हर्सला मात्र सर्वात जास्त वेळ द्या. आधी रिकाम्या दोन चाकी ट्रॉलीवर शिका. रानात चुन्याच्या फक्कीने ५० फूट लांब दोन समांतर रेघा ओढा, मधलं अंतर १० फूट. ट्रॉली साधारण सहा-सात फूट रुंद असते, म्हणजे सुरुवातीला भरपूर जागा मिळते. जमू लागलं की रेघा नऊ फुटांवर आणा, मग आठ.

स्टिअरिंग खालच्या बाजूला, घड्याळात सहा वाजतात तिथे, एका हाताने धरा. ट्रॉलीची शेपटी ज्या बाजूला न्यायची, त्याच बाजूला खालचा हात सरकवा. 'उलटं फिरवायचं' हे पाठ करत बसण्यापेक्षा ही एक गोष्ट हाताला लावून घेणं सोपं जातं. हात सरकवला की लगेच परिणाम दिसत नाही. आधी हूक सरकतो, मग दांडीचा कोन बदलतो आणि दोन-तीन फूट मागे गेल्यावर शेपटी हलते. नवशिक्या त्या दोन फुटांत घाई करतो आणि आणखी फिरवतो. मग ट्रॉली एकदम वळते, कोन हाताबाहेर जातो आणि मागच्या टायरचं रबर दांडीला घासू लागतं. दांडी टायरला टेकली की थांबा. तसंच रेटलं तर दांडी वाकते किंवा टायर फाटतो. तिथून मागे येऊन काहीही सरळ होत नाही. पंधरा-वीस फूट पुढे जा, सगळं एका रेषेत आणा, पुन्हा सुरू करा.

वळवण्याची एक साधी पद्धत आहे. थोडं फिरवून कोन करा, शेपटी हवी तिकडे वळली की स्टिअरिंग लगेच उलट फिरवून तो कोन तसाच 'धरून' ठेवा, मग ट्रॅक्टरला ट्रॉलीच्या मागे मागे न्या. वळण शक्यतो उजवीकडे घ्या, मान वळवून तुम्हाला ट्रॉलीचं उजवं चाक आणि कोपरा दिसत राहतो. डावीकडे आंधळी बाजू असते, तिथे खाली माणूस असल्याशिवाय रिव्हर्स घेऊ नका. तो माणूस दिसेनासा झाला की त्याच क्षणी थांबा.

चार चाकी ट्रॉलीचं गणित वेगळं. तिच्या पुढच्या एक्सलला फिरती चक्री असते, म्हणजे वळणाचे सांधे दोन. दांडी एकीकडे गेली की मागचा भाग दुसरीकडे जातो. सरळ रेषेत पाच-सात फूट मागे जाणं जमतं, त्यापलीकडे अनुभवी चालकही शक्यतो गाडी पुढूनच वळवून आणतात. दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडल्या असतील तर रिव्हर्सचा विचारच नको. जिथून पुढूनच बाहेर पडता येईल अशीच वाट धरा.

पुढे जाताना वळणावर ट्रॉली आतून कापते. रानात कोपऱ्यावर एक काठी रोवा, तिला ट्रॅक्टर घासून वळवा आणि मागे बघा. ट्रॉलीचं चाक काठी मोडून पुढे गेलेलं दिसेल. त्या जागी सायकलवाला असता असं समजा. आता ट्रॅक्टरचं मागचं चाक काठीच्या पुढे गेल्यावर वळा आणि किती पुढे गेलं की काठी वाचते ते फुटांत मोजून ठेवा. तो आकडा प्रत्येक ट्रॉलीचा वेगळा असतो.

माल भरताना वजन चाकांच्या थोडं पुढे राहू द्या. मागे जास्त भरलं की दांडी हूक वर उचलते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड कमी होते. फार पुढे भरलं की पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग लागत नाही.

दिवे आणि खुणांकडे चाचणीच्या आदल्या दिवशी बघून ठेवा. ट्रॉलीचा इंडिकेटर मंद जळत असेल किंवा ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा लागत असेल तर बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा असतो. गंजलेल्या पिनवरून परतीचा प्रवाह नीट जात नाही, म्हणून सॉकेटमधून अर्थिंगची वेगळी तार घ्या. रिफ्लेक्टर पट्टी मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. चिखलाने भरलेली किंवा उसाच्या वाढ्याखाली झाकलेली पट्टी असून नसल्यासारखी, ती रोज पुसा. हाताचे इशारेही पाठ हवेत. उजवीकडे वळताना उजवा हात आडवा सरळ बाहेर, डावीकडे वळताना तोच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवायचा, वेग कमी करताना तळवा खाली करून वर-खाली हलवायचा.

चाचणीला चप्पल घालून जाऊ नका, ती पेडलखाली अडकते. इंजिन चालू करण्यापूर्वी गिअर न्यूट्रल, पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद, क्लच पूर्ण दाबलेला. हाय-लो लिव्हर (गिअरचा जलद किंवा हळू टप्पा निवडणारा) कुठे आहे ते हाताने चाचपून घ्या. निघण्यापूर्वी आणि रिव्हर्स घेण्यापूर्वी मान वळवून मागे बघा, आणि ते निरीक्षकाला दिसेल असं बघा. नुसती नजर आरशाकडे गेली तर ती त्याला कळत नाही. क्लचवर पाय ठेवून चालवू नका. चढावर थांबून निघताना ट्रॅक्टर मागे सरकू द्यायचा नाही. आधी इंजिनला थोडी गती द्या, क्लच हळू सोडत इंजिनचा आवाज जड झालेला ऐका, मग ब्रेक सोडा. हा आवाज ओळखायची सवय भरल्या ट्रॉलीसह लागली असेल, तर नुसत्या ट्रॅक्टरवर मागे सरकण्याची चूक होत नाही.