मांजर आहे? मग बागेतली विषारी झुडपं अशी हटवा

घोडबंदर रोड असो की खारघर, सोसायटीच्या बागेत कण्हेर आणि सायकस हमखास सापडतात. दोन्ही काटक, कमी पाण्यावर जगणारी, म्हणून माळ्यांच्या लाडकी. मांजरासाठी मात्र ही दोन्ही अतिशय घातक, तेव्हा सुरुवात यांच्यापासून करा.

आधी ओळख पटवा. कण्हेरीची पानं लांब, अरुंद, चामड्यासारखी जाड आणि बहुधा एका पेरावर तीन-तीन असतात. फुलं गुलाबी, पांढरी किंवा लाल. पान, फूल, मूळ, सगळंच विषारी. यातलं विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं आणि पान वाळलं तरी जात नाही. पिवळ्या फुलांची बिट्टी आणि बाल्कनीत मिरवणारं अडेनियम याच जातकुळीतली. सायकसला नर्सरीत 'पाम' म्हणतात, पण तो पाम नव्हे. तो यकृत निकामी करतो. सर्वांत जहाल त्याच्या केशरी-लाल बिया. घाणेरी, धोतरा, एरंड, रुई, शेर हेही यादीत धरा.

झुडूप काढताना रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. नुसतं बुंध्यापाशी कापलं तर कण्हेर पुन्हा फुटते, म्हणून मुळासकट खणा. फांद्या तिथेच लगेच पिशवीत भरून तोंड बांधा. पावसाळ्याआधीच्या छाटणीत नेमकी इथेच चूक होते: ढीग दोन-दोन दिवस पडून राहतो आणि मांजरं त्यात लोळतात. मांजर अंग चाटून साफ करतं, त्यामुळे पान न खाताही केसांना लागलेला चीक पोटात जातो. फांद्या जाळू नका, धूरही विषारी असतो. खतातही टाकू नका.

देवाला वाहिलेली कण्हेर आणि तिचं निर्माल्य झाकणाच्या डब्यात ठेवा. घरात लिलीचा गुच्छ तर नकोच. तिचे परागकण चाटले तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते.

रिकाम्या जागी जास्वंद, मोगरा, गुलाब किंवा अरेका पाम लावा. शिवाय मूठभर गहू रात्रभर भिजवून पसरट कुंडीत पेरा. आठवडाभरात चार बोटं गवत येतं आणि मांजराला चघळायला हक्काचं काहीतरी मिळतं. बाग सोसायटीची असेल तर कमिटीला लेखी अर्ज द्या; निर्णय होईपर्यंत मांजर घरात आणि बाल्कनीला जाळी, याला पर्याय नाही.

पान खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नका. लाळ गळणं, उलट्या, जुलाब, गळून जाणं, ठोके मंद किंवा अनियमित होणं ही कण्हेरीची लक्षणं. सायकसमध्ये उलट्या थांबून मांजर बरं झाल्यासारखं वाटतं आणि दोन-तीन दिवसांनी हिरड्या पिवळ्या पडतात, तोवर बराच उशीर झालेला असतो. तोंडातले तुकडे काढा, ओल्या फडक्याने तोंड आणि पंजे पुसा. मिठाचं पाणी किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड पाजून उलटी काढू नका, मांजराच्या जिवावर बेततं. दुधाने विष उतरत नाही. पॅरासिटामॉल तर मांजराला स्वतःच विष आहे.

आधी डॉक्टरांना फोन करा, म्हणजे ते तयारीत राहतील. किती वाजता, काय आणि साधारण किती खाल्लं ते सांगा. निघताना त्या झुडपाची पानासकट डहाळी पिशवीत घालून सोबत न्या. उलटी झाली असेल तर तिचा फोटोही काढून ठेवा.