इथे तोंडी सांगून भागत नाही: अमेरिकेची सरकारी शाळा आणि लेकराचा धर्म

वाशीम, यवतमाळ, बुलढाण्याच्या खेड्यांतून लेकरं घेऊन अमेरिकेत येणाऱ्यांना शाळेबद्दल सगळे सगळं सांगतात. बस कुठे थांबते, डबा कसा द्यायचा, कोणत्या भागात घर घ्यायचं. धर्माचं मात्र कोणी नीट सांगत नाही. त्यामुळे एका घरात लेकराचा टिळा पुसून आणि गळ्यातला ताईत काढून त्याला बसमध्ये बसवतात, कारण "इथं हे चालत नाही" असं कोणीतरी सांगितलेलं असतं. दुसऱ्या घरातून वर्गशिक्षिकेला विचारणा होते, की दसऱ्याला वर्गात सरस्वतीपूजन ठेवता येईल काय. दोन्ही घरं चुकतात आणि दोघांच्या चुकीचं मूळ एकच आहे.

गावच्या जिल्हा परिषद शाळेत परिपाठाला गुरुजी प्रार्थना सुरू करतात आणि सारी शाळा हात जोडते. तिथे प्रार्थना शाळेची की लेकराची, हा प्रश्नच पडत नाही. इथे सगळा कायदा त्या प्रश्नावर उभा आहे. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने लिहून दिलेली प्रार्थना शाळेत म्हणवून घेणं सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये घटनाबाह्य ठरवलं. पुढच्याच वर्षी शाळेने करवलेलं बायबलवाचनही बंद झालं. पण अमेरिकेच्या राज्यघटनेच्या ज्या पहिल्या दुरुस्तीने (धर्मस्वातंत्र्याचं कलम) शाळेचे हात बांधले, तीच लेकराचे हात मोकळे ठेवते. म्हणून काहीही अडलं, की आधी एवढंच विचारा: हे लेकरू स्वतःहून करतंय, की शाळा करवून घेतेय?

स्वतःहून असेल तर बहुतेक सगळं चालतं. डबा उघडण्याआधी श्लोक म्हणणं, पेपरापूर्वी डोळे मिटून गजानन महाराजांचं नाव घेणं, मधल्या सुट्टीत नमाज किंवा बुद्धवंदना, यांतलं काहीही शाळा थांबवू शकत नाही. अट एकच, की शिकवण्यात अडथळा येऊ नये. गणिताचा तास चालू असताना मोठ्याने म्हटलं, तर शिक्षक गप्प करणारच, जसं ते गप्पा मारणाऱ्यालाही करतील. निबंधात शेगाव किंवा दीक्षाभूमीवर लिहिता येतं. गुण भाषेचे आणि मांडणीचे मिळतात, विषय धार्मिक आहे म्हणून कापता येत नाहीत. शिक्षिका तुमच्या लेकरासोबत हात जोडणार नाही, त्याचा राग मानू नका. कामावर असताना मुलांसोबत प्रार्थनेत भाग घ्यायची तिला मुभा नाही.

खेळाच्या प्रशिक्षकाने संघाला गोल करून प्रार्थनेला बोलावलं, तर लेकराने शांतपणे बाजूला उभं राहावं. फुटबॉलच्या एका प्रशिक्षकाचा 2022 चा निकाल बरेच जण पुढे करतात, पण त्यात त्याने सामन्यानंतर स्वतःपुरती केलेली प्रार्थना मान्य झाली, मुलांवर सक्ती करायची मोकळीक कोणाला मिळाली नाही. रोज सकाळच्या झेंड्याच्या प्रतिज्ञेत देवाचा उल्लेख 1954 मध्ये आला. ती म्हणायची सक्ती कोणत्याही लेकरावर करता येत नाही, हे 1943 पासून ठरलेलं आहे.

आता ज्यात सगळ्यात जास्त घरं अडकतात ते सांगतो. गावी गुरुजी बाजारात भेटले, की "उद्या पोरगं येणार नाही, घरी कार्यक्रम आहे" म्हटलं, झालं काम. इथे तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही. वर्गशिक्षिका हसून "हो हो, खुशाल जा" म्हणेल. पण हजेरी ती ठरवत नाही, शाळेचं हजेरी कार्यालय ठरवतं. तिथे कागद नसला की ती विनामंजुरी गैरहजेरी. अशा गैरहजेऱ्या साचल्या की आधी पत्र येतं आणि मग बोलावणं. टेक्सासमध्ये सहा महिन्यांत 10 दिवस झाले, तर मोठ्या मुलांचं प्रकरण न्यायालयापर्यंत जाऊ शकतं. आणि त्याच टेक्सासचा कायदा सांगतो, की धार्मिक सणाची रजा शाळेने मंजूर धरलीच पाहिजे, जायला एक आणि यायला एक दिवस प्रवासाचाही धरून. म्हणजे हक्क हातात असतो, फक्त तो लिहून मागायचा राहून जातो. इतर राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत, ते शाळा-जिल्ह्याच्या (म्हणजे भागातल्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या) विद्यार्थी पुस्तिकेत हजेरीच्या प्रकरणात सापडतात. ते पान पहिल्याच आठवड्यात वाचा.

लिहायचं ते असं: लेकराचं पूर्ण नाव, इयत्ता, इंग्रजी तारीख आणि वार, सणाचं नाव, "हा आमच्या धर्माचा पवित्र दिवस आहे" हे एक वाक्य, रजा मंजूर करून बुडालेला अभ्यास आणि चाचणी भरून घेण्याची विनंती, खाली पालकाचं नाव. ईमेल हजेरी कार्यालयाला करा, प्रत वर्गशिक्षिकेला, निदान आठवडाभर आधी. "फॅमिली फंक्शन" लिहू नका. ते शब्द गेले की धार्मिक रजा उरतच नाही. "ताप आला" असं खोटंही लिहू नका. पुढच्या वर्षी खरं कारण दिलं, तरी मागची नोंद बोलते. दिवाळीला जोडून तीन आठवडे गावी जाणं धार्मिक रजेत बसत नाही, त्याची वेगळी परवानगी काढा.

तिथी दरवर्षी हलते, म्हणून ऑगस्टमध्येच वर्षाची यादी देऊन टाका. आषाढी बहुतेक ठिकाणी उन्हाळी सुट्टीत जाते. पोळा मात्र शाळा सुरू होताच येतो. एप्रिल-मेमध्ये राज्याच्या परीक्षा असतात आणि रामनवमी, 14 एप्रिल, बुद्धपौर्णिमा याच सुमारास येतात. त्या परीक्षांना भरून काढायचे दिवस ठेवलेले असतात, पण आधी कळवलं तरच जागा मिळते. न्यूयॉर्क शहरातल्या शाळांना दिवाळीची सुट्टी आता कायद्याने मिळाली आहे. इथल्या आपल्या मंडळींनी त्यासाठी खूप खटपट केली, ते चांगलंच झालं. पण "भारतीयांचे सण" म्हणून शाळेला दिलेल्या यादीत दिवाळी आणि होळीपलीकडे काही नसतं, याचं वाईट वाटतं. विदर्भातून येणारी कितीतरी घरं बौद्ध आहेत. 14 ऑक्टोबर 1956 नागपुरात घडला, आणि त्याच मातीतल्या लेकराने इथे तो दिवस सांगायला संकोचावं, हे बरं नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिन असंच नाव लिहा आणि बौद्ध धर्माचा दिवस म्हणून लिहा. शाळा सहसा यादी पडताळत बसत नाही, आणि मराठी मंडळाची शिफारसही सहसा लागत नाही.

कागदाची दुसरी बाजू म्हणजे दप्तरातून येणारे फॉर्म. इंग्रजी नीट कळत नाही म्हणून नवीन घरं सगळ्यांवर सही करून टाकतात. शाळा सुटल्यावर शाळेच्याच खोलीत बायबल शिकवणारे वर्ग भरतात. इतर संस्थांना जागा दिली, तर त्यांनाही द्यावी लागते, असा 2001 चा निकाल आहे. तिथे लेकरू जातं ते पालकाच्या सहीने. काही ठिकाणी शाळेच्या वेळातच मुलांना आवाराबाहेर धर्मशिक्षणाला नेतात, आणि 1952 पासून तेही कायदेशीर आहे, अर्थात पालकांनी लेखी संमती दिली तर. खाऊ, खेळ आणि गाणी असं फॉर्मवर वर लिहिलेलं असतं आणि बाकीचं खाली. पाठवायचं असेल तर जाणून पाठवा. नको असेल तर सही करू नका, एवढंच पुरतं. शिक्षकाला जाब विचारायला जाऊ नका, कारण तो वर्ग शाळेचा नसतो. मराठी दुभाषा शाळेने फुकट द्यायचा असतो, हेही पुष्कळांना माहीत नसतं. लेकरालाच भाषांतर करायला बसवू नका.

टिळा, कुंकू, जानवं, काळा दोरा, करदोटा, कडं, बुद्धाचं लॉकेट, हिजाब, धर्माची म्हणून घातलेली टोपी हे सगळं चालतं. खेळाच्या तासाला दागिना काढायला किंवा त्यावर पट्टी लावायला सांगतात, तो सुरक्षेचा नियम सगळ्यांना सारखा असतो. घरात कोणी गेलं आणि पोराचं मुंडण झालं, तर वर्गात टोपी घालायची परवानगी आधीच ईमेलने मागून ठेवा. एरवी टोपी काढायला लावतात, आणि लेकरू दिवसभर चिडवणं सोसतं. दसऱ्याला घरी पुजलेली सुरी किंवा विळा चुकूनही दप्तरात जाऊ देऊ नका. तिथे पूजेचं कारण कोणी ऐकून घेत नाही.

प्रसाद वर्गात वाटू नका. शेंगदाण्याच्या लाडवाने एखाद्या लेकराचा जीव धोक्यात येतो, म्हणून बहुतेक शाळांत घटक छापलेलं बंद पाकीटच चालतं. शाकाहारी घरांनी मार्शमेलो आणि जेली या गोड खाऊत बहुधा जिलेटिन असतं, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात, हे लक्षात ठेवा. उपवास किंवा रोजा असेल तर जेवणाच्या सुट्टीत वाचनालयात बसू देण्याची विनंती करा, सहसा मान्य होते.

सोबतच्या मुलाने एकदा चर्चला बोलावलं, तर तोही त्याचा हक्क आहे. नको म्हणायला शिकवा. रोज मागे लागून "तू नरकात जाशील" चाललं, तर तो छळ. तारीख, वेळ, नेमके शब्द आणि कोण हजर होतं, हे त्याच रात्री लिहून ठेवा. आधी शिक्षिका, मग प्राचार्य, मग जिल्ह्याचे अधीक्षक, मग शाळा मंडळ. फोनवर बोलणं झालं, तर संध्याकाळी "आज आपलं असं ठरलं" अशी ईमेल धाडा. धर्मावरून भेदभावाची तक्रार न्याय खात्याच्या नागरी हक्क विभागाकडे जाते. वंश किंवा मूळ देशावरून असेल तर शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे, आणि तिथे मुदत घटनेपासून 180 दिवसांची आहे. खासगी शाळेत घातलं असेल, तर यातलं बहुतेक काही लागू होत नाही.