कोविडनंतर वास गेला किंवा बिघडला असेल तर नाकाला परत कसं शिकवायचं

मला २०२१ च्या एप्रिलमधे कोविड झाला, ताप चार दिवसात उतरला पण वास गेला तो गेलाच, आणि जूनमधे परत यायला लागला तर असा की कांद्याची फोडणी पडली की जळक्या रबराचा वास. आई आत स्वयंपाक करायची आणि मी कोथरूडच्या त्या छोट्या गॅलरीत दार लावून उभी. तिला वाटायचं हिला माझ्या हातचं नकोसं झालंय. म्हणून सगळं नीट लिहितेय.

आधी हे समजून घ्या. नाकात वर वास ओळखणाऱ्या मज्जापेशी असतात, कोरोना मुख्यतः त्यांना सांभाळणाऱ्या आजूबाजूच्या पेशींवर हल्ला करतो आणि मग मज्जापेशीही कोलमडतात. पण या मज्जापेशी पुन्हा उगवतात. उगवताना जोडण्या अर्धवट असतात, मेंदूला अर्धाच निरोप पोचतो, म्हणून कॉफी, लसूण, अंडं, भाजलेलं मटण, टूथपेस्ट सुद्धा घाण वाटते. बऱ्याचदा ही सुधारणेचीच खूण असते, घाबरू नका.

आता करायचं काय. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी कोविडच्या कितीतरी आधी, २००९ मधे गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास रोज दोनदा १२ आठवडे देऊन बघितले होते आणि काही पेशंटना फायदा झाला होता. चारही आपल्याकडे सहज मिळतात, लवंग घरात असतेच, फक्त जरा ठेचा, निलगिरी तेल मेडिकलमधे, लिंबाची साल ताजी किसलेली, गुलाबाचं अत्तर रविवार पेठेत. झाकणाच्या चार छोट्या बाटल्या घ्या, तेल आणि अत्तर कापसावर एकदोन थेंब, बाटलीवर नाव चिकटवा. निलगिरी तेल नाकात थेट घालायचं नाही आणि लहान मुलांच्या हाताला लागू द्यायचं नाही, पोटात गेलं तर विषारी असतं.

सकाळी चहाच्या आधी आणि रात्री झोपताना एकेक बाटली साधारण २० सेकंद, खोल श्वास नको, छोटे छोटे हुंगे, मधे थोडं थांबून पुढची. आणि हुंगताना तो वास आठवायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं, नुसतं नाक लावून मोबाईल बघत बसलात तर उपयोग नाही. मी लवंग घेतली की आजीचा दातदुखीचा कापूस आठवायचे. वहीत रोज दहापैकी मार्क लिहा. माझे पाच आठवडे सगळे शून्य आहेत, मग एका सकाळी लवंगेपुढे १ लिहिलंय आणि त्याच्याखाली तीन रेघा मारल्यात.

तोपर्यंत जेवण गार करून खा, वाफेबरोबर वास जास्त येतो. मला दहीभात, काकडी, केळं चालायचं. जेवण सोडू नका, वजन पटकन उतरतं.

गॅसचं मात्र खरंच सांभाळा, सिलेंडरमधे वासासाठी इथाइल मरकॅप्टन घालतात आणि तोच तुम्हाला येत नाही. रात्री रेग्युलेटर बंद, जमलं तर गॅस डिटेक्टर, आणि १९०६ हा गळतीचा नंबर फ्रिजवर लिहून ठेवा. दूध नासलंय का ते दुसऱ्याला विचारा.

स्टिरॉइडच्या गोळ्या कोणी सांगितल्या म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नका, स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती कमी होते आणि २०२१ ला म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, महाराष्ट्रात काय केलं ते आपण बघितलंय. महिनाभरात काहीच फरक नाही तर नाक-कान-घसा डॉक्टरांना दाखवा. आणि तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं असं अचानक झालं तर वास वगैरे सोडा, लगेच १०८ ला फोन.

१२ आठवडे झाले की वास बदला, ओवा, संत्र्याची साल, जायफळ, कढीपत्ता असं काहीही चालतं. मी तिसऱ्या सेटमधे मुद्दाम कांदा घेतला होता.