गोव्यात शिल्प घेताय? या चुका टाळा

जुलैच्या मध्यापासून चवथीपर्यंत माझा फोन सारखा वाजत असतो. माणूस दरवेळी नवा, तक्रार मात्र ठरलेली. स्टीलवर तपकिरी डाग आले, लाकडातून पीठ गळतंय, ब्राँझवर हिरवी पावडर दिसते. मी फोंड्याजवळ शिल्पं करते, विकते आणि दुसऱ्यांनी केलेली दुरुस्तही करते. फोनवर माझा पहिला प्रश्न एकच असतो: हे कुठे ठेवणार, ते घेताना विकणाऱ्याला सांगितलं होतं का? "नाही, ताई. आवडलं, घेतलं."

आवडलं म्हणून घ्यावं, त्यात चूक काही नाही. पण आपल्याकडे बहुतेक खरेदी होते डिसेंबरात. २०१६ पासून पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो, पिळर्णला म्युझियम ऑफ गोवा आहे, आल्तिनोवर सुनापरांत कला केंद्र आहे, शिवाय ठिकठिकाणी छोटी प्रदर्शनं लागलेली असतात. हवा कोरडी, ऊन कोवळं, आणि दिव्याखाली प्रत्येक वस्तू देखणी. त्याच वस्तूला पुढे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि बारा महिने खारा वारा सोसायचा आहे, हे त्या दिवशी कुणाच्या मनात येत नाही. आता तर लोक फोनवर फोटो बघून पैसे पाठवतात आणि आठ दिवसांत घरपोच मागतात. अशा घाईत घेतलेली शिल्पंच माझ्याकडे सर्वांत जास्त येतात.

"स्टील आहे, त्याला काय होतंय?"

या चुकीचा मला सर्वांत जास्त राग येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मांद्र्याला एका घरात सात फुटी बगळा होता. स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या वाकवून केलेला, मान वळवलेली, एका पायावर तोललेला. काम खरंच सुंदर होतं. मालकांनी तो मुद्दाम पोर्चच्या छपराखाली उभा केला, पाऊस लागू नये म्हणून. पहिल्याच वर्षी वेल्डिंगचे सांधे तपकिरी झाले, मग पंखांवर चहा सांडल्यासारखे ओघळ आले. घरच्या मुलाने तारेची घासणी घेऊन रविवारभर घासला. दोन दिवस चकचकीत दिसला आणि तिसऱ्या आठवड्यात अंगभर गंजाचे ठिपके उठले. तेव्हा मला बोलावलं.

तिथे एकावर एक चार चुका झाल्या होत्या. पहिली, बिलावर नुसतं "एसएस" लिहिलेलं. एसएस म्हणजे काय? बाजारात २०२ ग्रेडचं स्टेनलेस मिळतं, ज्यात महाग निकेल वाचवायला मँगनीज घातलेलं असतं. ३०४ मिळतं, ज्यात साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. आणि ३१६ मिळतं, ज्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. खाऱ्या हवेतल्या क्लोराईडला तोंड देतं ते हे मॉलिब्डेनम. मी थेंब टाकून तपासायचं किट नेलं होतं. मॉलिब्डेनमचा मागमूस नव्हता, धातू २०२ निघाला. लोहचुंबक लावून ओळखता येतं असं पुष्कळ जण सांगतात. ते विसरा, चुंबक यातल्या कुठल्याच पत्र्याला नीट धरत नाही, मग त्याच्यावरून फरक कसा कळणार?

दुसरी चूक छपराची. खारा वारा छपराखाली येतोच, पण पावसाचं गोडं पाणी तिथे पोचत नाही. मीठ बसतं आणि धुतलं जात नाही. उघड्यावरच्या स्टीलपेक्षा आडोशाचं स्टील लवकर डागाळतं, हे ऐकून लोकांना खोटं वाटतं. त्या बगळ्याच्या पाठीला पावसाची झड लागत होती, ती बाजू पोटापेक्षा स्वच्छ होती. मी मालकांना हात धरून दाखवली.

तिसरी, सांधे वेल्डिंगनंतर पिकलिंग पेस्टने, म्हणजे आम्लाच्या लेपाने, साफच केलेले नव्हते. वेल्डिंगच्या आचेने जो रंगीत पट्टा उमटतो तिथलं संरक्षण गेलेलं असतं, तो पट्टा तसाच सोडला की गंज तिथूनच सुरू होतो. आणि चौथी ती तारेची घासणी. साध्या लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि ते गंजतात. नंतर अंगभर उठलेले ठिपके त्याचेच होते.

मी पेस्ट लावली, नायलॉनच्या पॅडने घासलं, भरपूर पाण्याने धुतलं. डाग गेले. पण २०२ चं ३१६ कुणालाच करता येत नाही. बगळा आता हॉलमध्ये आहे.

माझी सवय सांगते. लाटा फुटतात तिथून पाच किलोमीटरच्या आत बाहेर ठेवायचं काम असेल तर मी ३१६ शिवाय हात लावत नाही आणि ग्रेड बिलावर लिहून देते. आरशासारखं पॉलिश केलेला पृष्ठभाग घ्यावा, ब्रश मारलेल्या रेघांत मीठ अडकून बसतं. पावसाळा सोडून दर पंधरा दिवसांनी बागेच्या नळीने साध्या पाण्याची आंघोळ. प्रेशरचा पंप नको, साबण लागलाच तर भांड्याचा, थोडासा.

जवळचंच एक नवं वेड म्हणजे कॉर्टेन स्टील, मुद्दाम गंजवलेलं, विटकरी रंगाचं. मासिकातला फोटो घेऊन लोक येतात. कॉर्टेनचा गंज घट्ट बसून आतल्या धातूला जपतो, पण त्यासाठी ते भिजून पुन्हा वाळावं लागतं आणि हवेत मीठ कमी लागतं. आमच्याकडे चार महिने ते वाळतच नाही आणि मीठ कायम. मग तो थर घट्ट होत नाही, गंज पोखरत राहतो आणि ओघळ खालच्या पांढऱ्या लादीवर उतरतात. लादीचा डाग काही केल्या निघत नाही. मोरजी-आश्व्याच्या बाजूला कॉर्टेन मागणाऱ्याला मी नाही म्हणते. साखळी-वाळपईकडे, समुद्रापासून लांब, उघड्यावर आणि चौथऱ्याला पाणी वाहून जायला वाट ठेवून विचार करता येतो.

चवथीची साफसफाई आणि ब्राँझ

दुसरी चूक सांगताना मला वाईट वाटतं, कारण ती प्रेमापोटी होते.

म्हार्दोळच्या बाजूला एक जुनं घर आहे. तिथल्या मुलाने पहिल्या मोठ्या पगारातून ब्राँझचं एक बाईचं मस्तक घेतलं होतं. गडद तपकिरी, गालाच्या हाडावर आणि ओठांवर किंचित उजळ. हा रंग शिल्पकाराने ब्लो टॉर्चने धातू तापवून, वर फेरिक नायट्रेटचा ब्रश फिरवत, थरावर थर चढवत आणलेला असतो. त्याला पॅटिना म्हणतात. आकाराइतकाच तो शिल्पाचा भाग असतो.

चवथीच्या आधी घरातली तांब्या-पितळेची भांडी, समया, तबकं अंगणात निघाली. काकूंनी मस्तकही त्यांत घेतलं. चिंच, मीठ, वरून पितळ घासायची पावडर. "किती काळं पडलं होतं गं, कोणाचं लक्षच नाही," त्या मला म्हणाल्या. मस्तक नव्या तांब्यासारखं गुलाबी-पिवळं झालं होतं. मुलगा कोपऱ्यात गप्प उभा होता, आईला काही बोलला नाही.

रंग गेला एवढ्यावर थांबलं नाही. चिंचेतलं मीठ केसांच्या खाचांत राहिलं. सहा आठवड्यांत तिथे फिकट हिरवी, भुसभुशीत पावडर दिसू लागली. त्याला ब्राँझचा रोग म्हणतात. क्लोराईड आणि दमट हवा मिळाली की तो धातू खात जातो, वरून पुसून थांबत नाही. आम्ही मस्तक महिनाभर डिस्टिल्ड पाण्यात ठेवलं, पाणी रोज बदललं, मग पूर्ण वाळवलं आणि मूळ शिल्पकाराकडे नेलं. त्यांनी पॅटिना पुन्हा चढवला. छान झाला, पण पहिला नाही. गालावरचा तो उजळपणा परत आला नाही.

काकूंना मी अजिबात दोष देत नाही. डिचोलीच्या कासारांची समई चिंचेने घासायचीच असते, ती तशीच वापरायची वस्तू आहे. दोष विकणाऱ्याचा. "याला आंबट लावू नका" एवढं एक वाक्य त्याने सांगितलं असतं तर पुरलं असतं. मी आता प्रत्येक ब्राँझच्या तळाला चिठ्ठी चिकटवते: आंबट नको, मीठ नको, पावडर नको. आणि चिठ्ठी देताना घरात साफसफाई जे करतात त्यांच्याशी बोलते, नुसतं पैसे देणाऱ्याशी नाही.

ब्राँझ गोव्यात टिकत नाही असा अर्थ मात्र कुणी काढू नये. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केला, तो १९४५ पासून मांडवीच्या वाऱ्यात उभा आहे. घरच्या ब्राँझला मी वर्षातून दोनदा मेण लावते, मे संपताना आणि दिवाळीनंतर. न्यूट्रल मायक्रोक्रिस्टलाइन मेण, जुन्या सुती साडीचा तुकडा, पातळ थर, अर्ध्या तासाने हलकेच चोळणं. गाडीचं पॉलिश नको, त्यात खरवडणारी पूड असते.

बाकीच्या

फायबरला ब्राँझ समजून घेणं. राळेत ब्राँझची पूड मिसळून केलेल्या कामाला "कोल्ड कास्ट ब्राँझ" म्हणतात. नाव ऐकून फसू नका. उचलून बघा, बोटाने टकटक करा, हात लावा. धातू थंड लागतो आणि वाजतो, फायबर बोदा वाजतो. फायबर वाईट नाही, मी स्वतः करते. पण फायबरची किंमत द्या आणि भर उन्हात ठेवू नका, राळ पिवळी पडते.

न मुरलेलं लाकूड. आंब्याचं किंवा फणसाचं ताजं लाकूड कोरून महिन्याभरात विकलं की पहिल्या उन्हाळ्यात ते तडकतं. बारीक भोकांतून मैद्यासारखं पीठ पडत असेल तर आत भुंगा आहे, वरून वार्निश मारून तो मरत नाही. शिल्प भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, मागे हवा खेळू द्या.

संगमरवरावर लिंबू किंवा व्हिनेगर. दगड चुन्याच्या जातीचा आहे, आम्लाने त्याची झिलई जाते. एकदाच लावलं तरी.

जांभ्याला तेलरंग. आमचा चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवेत कडक होतो. लोटलीला १९९४ मध्ये माएंद्र आल्वारिस यांनी जागेवरच्या जांभ्यात संत मीराबाई कोरली, चौदा मीटर लांब, ते बघून यावं. हा दगड सच्छिद्र आहे. वरून तेलरंगाने तोंड बंद केलं की पाणी आत कोंडतं आणि पापुद्रे सुटतात. शेवाळ आलं तर नरम ब्रश आणि पाणी, बस्स.

टेराकोटा मातीवर टेकवणं. जमिनीतलं पाणी वर चढतं आणि पांढरे क्षार फुटतात. खाली दोन चिरे ठेवा.

वजनाचा हिशेब न करणं. एक घनफूट संगमरवर किंवा ग्रॅनाइट पाऊणशे किलो भरतो. जुन्या घराच्या माडीला लाकडी तक्तपोशी असेल तर तीन फुटी दगड वर न्यायच्या आधी एखाद्या इंजिनियरला दाखवा. एका घरी चारजणांनी शिल्प हाताला धरून उचललं आणि हात निखळून आला. दगड नेहमी तळातून, पट्ट्यावर उचलायचा. चौथऱ्यात बसवायची आतली सळी साधी लोखंडी नसावी. लोखंड गंजलं की फुगतं, आणि ते फुगणं दगडाला आतून फोडतं. मी तीन संगमरवर असे उभे चिरलेले पाहिलेत, तिन्हींत दहा रुपये वाचवायला घातलेली सळी होती.

"जुनी मूर्ती" म्हणून भुलणं. मातीत पुरून आणि आम्ल लावून महिन्याभरात जुनेपण आणता येतं. आणि खरोखर शंभर वर्षांपुढची असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो: नोंदणी बघा, देशाबाहेर ती नेता येत नाही. दोन्हीकडून तुमचंच नुकसान.

शिल्पात मनाने बदल करणं. सोफ्याला जुळावं म्हणून रंग दे, पाय आखूड कर, असं मला सर्रास सांगतात. विकत घेतलं तरी शिल्पकाराचा हक्क संपत नाही. विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकलं आणि त्याची नासधूस झाली, तेव्हा ते कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले भाग त्यांना परत द्यायला लावले आणि पाच लाखांची भरपाई दिली. बदल हवा असेल तर आधी शिल्पकाराला फोन करा. बरेच जण स्वतः करून देतात.

आणि बिल. त्यावर शिल्पकाराचं नाव, वर्ष, माप, वजन, धातूचा ग्रेड किंवा लाकडाची जात, आणि ओतकाम असेल तर एकूण किती प्रतींपैकी ही कितवी, हे लिहून घ्या. "मर्यादित प्रती" हे दोन शब्द पुरत नाहीत, आकडा हवा आणि तोच आकडा धातूवर कोरलेला हवा. मशीनमधून येणाऱ्या गुळगुळीत कागदावरची पावती असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा. त्या कागदावरची शाई आमच्या हवेत वर्ष-दोन वर्षांत उडून जाते, आणि माझ्याकडे लोक कोरा कागद घेऊन येतात.